विचारा बिनधास्त: फरशीवरचं स्टिकर मशीन फिरलं की का उठतं?

प्रश्न: नमस्कार दादा. माझं सांगलीला फ्लेक्स-विनाईल प्रिंटिंगचं दुकान आहे. एका सुपरमार्केटात सेलसाठी आम्ही फरशीवर १४ स्टिकर लावले, काही अडीच फुटी गोल आणि बाकी चौकोनी बाण. गुरुवारी संध्याकाळी लावले, त्याच रात्री त्यांचं फरशी धुवायचं मशीन फिरलं आणि रविवारपर्यंत ९ स्टिकरांच्या कडा उठल्या, दोन तर मशीनने गुंडाळूनच नेले. मॅनेजर म्हणतो माल हलका, माझा फिटर म्हणतो मशीनने वाट लावली. पेमेंट अडकलंय. चूक कुणाची आणि पुढच्या वेळी काय करू?

उत्तर: तुमचा फिटर अर्धा बरोबर आहे. मशीन चांगली बसलेली कड सहसा उठवत नाही हो, आधीच कच्ची राहिलेली कड त्याला बरोब्बर सापडते. आणि तुमची कच्ची राहणारच होती, कारण या गमला फरशी धरायला वेळ लागतो. हाताला चिकटलेलं वाटतं ते नुसतं चिकटलेलं असतं, धरलेलं नसतं. कमीत कमी २४ तास तरी पाणी आणि मशीन लांब पाहिजे, ७२ मिळाले तर देवच पावला. तुम्ही तर दिले पाच-सहा तास.

पण सगळं वेळेवर ढकलू नका. निघालेले तुकडे फेकले नसतील तर उलटे करून ट्यूबलाईटखाली धरा. गमवर बारीक पांढरी पावडर दिसली तर फरशी नीट पुसलीच नव्हती. गम दुधासारखा पांढुरका झाला असेल तर पाणी आत शिरलंय. बोटाला मेणचट लागलं तर फरशीवरचं पॉलिशच स्टिकरबरोबर सोलून आलंय, त्यात बिचाऱ्या गमचा काय दोष. आणि कडा चारी बाजूंनी सारख्या, पापडासारख्या वर वळल्या असतील तर मशीनचं नाव घेऊ नका, ती घरचीच चूक. ईको-सॉल्व्हंट शाईचा प्रिंट ओला असतानाच वर लॅमिनेशनची पारदर्शक फिल्म मारली की शाईतला सॉल्व्हंट आत कोंडतो, गम मऊ पडतो आणि विनाईल, म्हणजे स्टिकरचं प्लास्टिक, आखडतं. प्रिंट एक दिवस मोकळा सुकू द्या, रोल घट्ट गुंडाळून कोपऱ्यात उभा करून ठेवला तर तो सुकला असं होत नाही. एकाच बाजूची, मशीन येतं त्या दिशेची कड उठली असेल तरच मशीनवाल्याशी बोलायचं.

आता फरशी. आपल्याकडे हाउसकीपिंगवाले फिनेल टाकून पुसतात, कुठेकुठे माश्या बसू नयेत म्हणून पाण्यात थोडं रॉकेल पण टाकतात, फरशी मस्त चमकते आणि वर तेलाचा पापुद्रा राहतो. त्यावर तुम्ही कितीही भारी विनाईल आणा, ते तेलालाच चिकटणार. आधी साध्या डिटर्जंटने धुवा, साध्या पाण्याने काढा, पूर्ण वाळू द्या, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) कापडावर घेऊन पुसा आणि कापड पांढरं येईपर्यंत पुसत राहा. थिनर नको, स्वस्तातला थिनर स्वतःच तेलकट थर सोडून जातो आणि वर पॉलिश खातो. पावसाळ्यात तळमजला असेल तर दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने बंद करून १६ तास ठेवा, खाली थेंब दिसले तर खालून ओल येतेय, तिथे स्टिकर लावूच नका.

सांधे हा दुसरा घोळ. दोन फुटी टाइलवर अडीच फुटी गोल लावला की तो सांध्यावरून जाणारच, सांध्यात विनाईल अधांतरी राहतं आणि मशीनचं पाणी त्याच नाल्यातून आत जातं. मी तर क्लायंटला सरळ सांगतो, अडीच फूट कशाला, बावीस इंची गोल करा, एका टाइलच्या आत अख्खा बसतो, सांधाच लागत नाही. मोठंच हवं असेल तर बाहेरची कड सांध्यापासून निदान एक सेंटिमीटर लांब ठेवा, आणि सांध्यावर हेअर ड्रायरने गरम करून ब्रशने आत दाबा. चौकोनाचे कोपरे गोल कापा, अर्धा ते एक इंच. टोकदार कोपरा म्हणजे मशीनला दिलेलं हँडलच. जोड शक्यतो नकोच, टाळता येत नसेल तर कौलं घालतात तसा घाला, म्हणजे मशीन वरच्या तुकड्यावरून खालच्यावर उतरेल, जोडाच्या तोंडात घुसणार नाही.

लावून झालं की सगळे स्क्वीजी, म्हणजे स्टिकर दाबायच्या पट्ट्या, गोळा करून निघतात. तसं नको, अर्ध्या तासाने परत एक फेरी मारा आणि फक्त कडा दाबा, जोर लावून. रोज ओली सफाई होणार असेल आणि स्टिकर दोन-तीन महिने ठेवायचा असेल तर कडेला एज सीलर, म्हणजे कड बंद करणारं द्रावण, लावा, ब्रशने बारीक रेघ, अर्धी स्टिकरवर अर्धी फरशीवर. त्याचा डाग राहू शकतो म्हणून आधी परवानगी घ्या, आणि पंधरा दिवसांच्या ऑफरसाठी त्या भानगडीत पडू नका.

आता मशीन. ठाण्याला एका मोठ्या दुकानात माझेच स्टिकर उठत होते म्हणून रात्री बाराला जाऊन बसलो. मशीन चालवणारा पोरगा हुशार, स्टिकर आला की लिव्हर ओढून ब्रश वर घ्यायचा. पण मागचं पाणी ओढणारं रबर खालीच! ब्रश वर म्हणजे पाणी बंद, पाणी बंद म्हणजे रबर कोरडं, आणि कोरडं रबर फरशीला घासत येऊन कड अशी खरवडायचं की कर्र आवाज यायचा. त्याला म्हटलं, बाबा रे, एकतर दोन्ही वर घे नाहीतर दोन्ही खाली ठेव. त्याने ऐकलं, पुढच्या आठवड्यात एक पण उठला नाही. एवढी साधी गोष्ट, पण मॅनेजरशी दहा मीटिंगा करून कळली नसती.

तुमच्या मशीनवाल्याला हे सांगा आणि अजून दोनच गोष्टी. मशीनखालचं घासायचं पॅड पांढरं किंवा लाल लाव, हिरवं-काळं नको, काळं पॅड तर जुनं पॉलिश काढायलाच असतं. आणि स्टिकरवर थांबायचं नाही, जागेवर वळायचं नाही. म्हणून स्टिकरची जागा ठरवताना मशीन कुठे वळतं ते आधी विचारा, रॅकच्या टोकाला शक्यतो टाळा. केमिकल न्यूट्रल असू दे, बाथरूमचं अ‍ॅसिडवालं अजिबात नको.

पेमेंटचं म्हणाल तर त्या रात्री मशीन फिरवू नका हे तुम्ही लेखी दिलं होतं का? नसेल तर भांडू नका, मटेरियलच्या खर्चात परत लावून द्या आणि पुढच्या कोटेशनमध्ये ७२ तासांची ओळ टाका, खाली मॅनेजरची सही घ्या.

प्रश्न: २०२० मध्ये अंतर ठेवायचे गोल लावले होते, ते वर्षानंतर काढले पण गम मार्बलला तसाच आहे. ब्लेड मारू का?

उत्तर: नका मारू, मार्बलवर चरा पडला की पॉलिशवाला बोलवावा लागेल. हेअर ड्रायरने गम कोमट करा, प्लास्टिकच्या जुन्या एटीएम कार्डाने लोटत गोळा करा, उरलेल्याला आयपीएचा ओला कापूस पाच मिनिटं ठेवून पुसा. लिंबू किंवा अ‍ॅसिड लावू नका, मार्बल जळतो. आधी काउंटरखाली, कोणाला दिसणार नाही तिथे करून बघा.