‘उत्तेजनार्थ’ला हात लावू नका

एका माध्यमिक शाळेतल्या शिक्षिकेने विचारले आहे की, आंतरशालेय कथालेखन स्पर्धेच्या प्रशस्तिपत्रावर पहिल्या तीन क्रमांकांनंतरच्या बक्षिसाला ‘उत्तेजनार्थ’ म्हणावे की ‘प्रोत्साहनार्थ’, कारण काही सहकाऱ्यांना पहिला शब्द मुलांसमोर वाचायला संकोच वाटतो; शिवाय परीक्षक प्रत्येक कथेवर जो मजकूर लिहून देणार आहेत, त्याला ‘टीका’ म्हटले तर चालेल का.

‘उत्तेजनार्थ’च लिहावे. सिनेमाच्या जाहिरातींनी आणि खेळाडूंच्या उत्तेजक-चाचण्यांच्या बातम्यांनी या शब्दकुळाला जो वास लावला, त्याची शिक्षा बक्षिसाला देण्याचे कारण नाही. शुद्धीकरणाची हौसच असेल, तर ती समारंभात ध्वनिक्षेपकावरून हमखास ऐकू येणाऱ्या ‘उत्तेजनार्थसाठीचे बक्षीस’ या प्रकारावर भागवावी. ‘अर्थ’ म्हणजेच ‘साठी’, हे निवेदकाच्या कानाला खटकत नाही आणि निर्दोष शब्द मात्र खटकतो, याचे मला दर वेळी नवल वाटते.

आता मूळ पाहा. उत्तेजन हा शब्द ‘उद्’ या उपसर्गापुढे ‘तिज्’ धातू येऊन झाला आहे, आणि धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या अर्थांसहित जुन्या यादीत, या धातूचा अर्थ ‘तिज निशाने’ असा दिला आहे. हे निशान म्हणजे फारसीतून आलेला आपला झेंडा नव्हे; ते शस्त्र पाजवणे, त्याला धार लावणे. वामन शिवराम आपट्यांच्या १८९० च्या संस्कृत-इंग्रजी कोशातही उत्तेजनाच्या अर्थांत प्रेरणा देण्याबरोबर हत्यार पाजवणे आणि घासून लखलखीत करणे हे अर्थ नोंदलेले आहेत. तीक्ष्ण आणि तिग्म हे याच घरातले, आणि बाजारातली ‘तेजी’ ज्या फारसी ‘तेज’वरून आली तोही या घराण्याच्या इराणी शाखेतला. ‘उत्तेजन म्हणजे तेज देणे, दिव्याची वात वर सारणे’ असे जे विद्वान व्याख्यानांतून ठोकून देतात, त्यांनी क्रम उलटा लावला आहे. खुद्द तेजस् या शब्दाचा एक अर्थ पात्याची धार आणि ज्वाळेचे टोक असा आहे. उजेडाचा अर्थ त्या टोकावरून आला, उजेडावरून टोक आले नाही.

धार कशी लागते, हे फिरत्या चाकावर विळी धरणाऱ्याकडे पाहिले की कळते: ठिणग्या उडतात, कानात कळ जाते आणि पात्याचे थोडे लोखंड कायमचे झिजते. जो शब्द झिजवण्याच्या क्रियेवर उभा आहे, तो केवळ कौतुकाचा असू शकत नाही. आणि याच तिज् धातूपासून, पाणिनीच्या ‘गुप्तिज्किद्भ्यः सन्’ या सूत्राने, तितिक्षा सिद्ध होते. तितिक्षा म्हणजे सोसण्याची ताकद.

माझे मत असे की एकोणिसाव्या शतकातल्या पुणेकरांच्या कानात हा अर्थ जिवंत होता. वसंत व्याख्यानमाला चालवते ती वक्तृत्वोत्तेजक सभा, आणि ग्रंथांना पुरस्कार देते ती महाराष्ट्र ग्रंथोत्तेजक संस्था. संस्कृतात मुरलेल्या त्या पिढीला ‘प्रोत्साहक’ हा शब्द सुचला नसेल, असे कोणी सांगू नये. त्यांना वक्ता आणि ग्रंथकार नुसते खूश करायचे नव्हते, पाजवून घ्यायचे होते. याला लेखी पुरावा कुठे, असे माझे एक भाषाशास्त्री स्नेही दर भेटीत विचारतात. त्यांना मी संस्थांची नावेच पुन्हा वाचून दाखवतो.

पुण्याचेच ताजे उदाहरण घ्या. महाविद्यालयीन एकांकिकांच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत २०२२ मध्ये परीक्षकांनी करंडकाच्या योग्यतेची एकांकिका नाही म्हणून करंडक कोणालाच दिला नाही. त्यावर नाट्यवर्तुळात बरीच चर्चा झाली, आणि मुलांना प्रोत्साहन मिळायला हवे होते असा एक सूर निघाला. प्रोत्साहन मिळाले नसेल. धातुपाठातल्या अर्थाने उत्तेजन मात्र मिळाले, असे मी म्हणेन. अर्थात कुठे बोथट आहे हे न सांगता नुसताच करंडक राखून ठेवला, तर ते पाते चाकाला न लावताच परत करण्यासारखे होईल. नकाराबरोबर कारणे तपशिलात द्यावी लागतात.

‘प्रोत्साहन’ हा शब्दही वाईट नाही. त्यातला उत्साह ‘सह्’ धातूपासून आलेला आणि वीररसाचा स्थायीभाव. म्हणजे तिथेही सोसणे आहेच. पण इंग्रजीत ज्याला कन्सोलेशन प्राइझ, म्हणजे सांत्वनाचे बक्षीस, म्हणतात, त्याला मराठीने धार लावण्याचे बक्षीस म्हटले, ही ऐट सोडून सरकारी योजनेसारखा वाटणारा शब्द का घ्यावा?

राहता राहिली टीका. ‘टीक्’ म्हणजे जाणे. जिच्या आधाराने ग्रंथाच्या अर्थापर्यंत जाता येते ती टीका, आणि ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेवर केली ती याच अर्थाने. तरीही प्रशस्तिपत्रासोबतच्या कागदावर हा शब्द घालू नये. ‘उत्तेजनार्थ बक्षीस’ या जोडीचा अर्थ मराठी शाळेतले कोणतेही मूल आजही बिनचूक सांगते. टीकेचा अर्थ मात्र व्यवहारात पुरता पालटला आहे, आणि ते शीर्षक पाहून पालक मुलाला बोलणी बसली असेच समजतील. तिथे ‘परीक्षकांचा अभिप्राय’ असे लिहावे, आणि खाली किमान चार ओळींची जागा सोडावी, म्हणजे ‘छान प्रयत्न’ एवढे लिहून परीक्षकांना सुटता येणार नाही.