लॅन्डुड्नोच्या व्हिक्टोरियन गेस्ट हाऊसमध्ये पहिल्यांदा राहणार असाल तर

उत्तर वेल्समधल्या या गावी किनाऱ्यालगतची बरीच घरं चार मजली आणि बिनालिफ्टची आहेत. वरच्या मजल्यावर पूर्वी नोकर राहत. तिथल्या खोल्या स्वस्त पडतात, पण छत उतरतं आणि जिना अरुंद असतो. आईबाबा सोबत असतील तर पहिला मजलाच मागा. भाडं माणशी आहे की खोलीमागे, हेही तेव्हाच विचारा. खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या लाकडी चौकटीच्या असल्या तर वारा सुटला की खडखडतात. झोप सावध असेल तर मागच्या बाजूची खोली बरी, समुद्र दिसला नाही तरी.

जेवणाकडे मात्र नीट लक्ष द्या. ‘ऑरगॅनिक’ म्हटलं की सगळंच तसं असेलच असं नाही. अंडी, दूध, भाज्या कुठून येतात, सॉइल असोसिएशन या सेंद्रिय मालाला प्रमाणपत्र देणाऱ्या ब्रिटिश संस्थेचं प्रमाणपत्र आहे का, हे मोकळेपणाने विचारा. मनापासून रांधणारे आनंदाने सांगतात. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा आणि वेगळा तवा मागा. लेव्हरब्रेड हा समुद्री शेवाळाचा पदार्थ जरूर खा, फार चविष्ट असतो. पण तो अनेकदा बेकनच्या चरबीत परततात, म्हणून लोण्यात करायला सांगा. ब्लॅक पुडिंग हा गोड पदार्थ नव्हे, ते एक प्रकारचं सॉसेज; त्यात डुकराचं रक्त असतं.

घरचं रात्रीचं जेवण हवं असेल तर आदल्या दिवशीच सांगा, कारण सामान माणसं मोजून आणतात.

रेल्वेने येताना बहुतेकदा लॅन्डुड्नो जंक्शनला गाडी बदलावी लागते.