दीड मीटरसाठी बॅलन्स्ड केबल हवी का?

प्रश्न : माझ्या डॅक (डिजिटल सिग्नलचे अॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारे उपकरण) आणि अ‍ॅम्प्लिफायर या दोहोंना आरसीए (साधी) व एक्सएलआर (बॅलन्स्ड) जोडणीची सोय असून अंतर जेमतेम दीड मीटर आहे. दुकानदार महागडी बॅलन्स्ड केबल सुचवतो. तिने आवाज सुधारेल का? सध्या स्पीकरमधून बारीक गुणगुण येते.
— एक वाचक, परभणी

उत्तर : एवढ्या अंतराला चांगल्या शिल्डिंगची (बाहेरचा गोंगाट अडवणाऱ्या धातूच्या वेष्टणाची) साधी आरसीए केबल पुरते. बॅलन्स्ड केबलमधील दोन तारांवर वाटेत सारखाच बसलेला गोंगाट, अ‍ॅम्प्लिफायर त्या दोन तारांमधला फरक तेवढाच उचलत असल्यामुळे, वजा होऊन जातो. सप्ताहाच्या मंडपात माइकपासून मिक्सरपर्यंत तीस-चाळीस मीटर तार पसरलेली असते तेव्हा हा गुण लाखमोलाचा ठरतो, दिवाणखान्यात त्याला फारसे काम उरत नाही. दुकानात एक्सएलआर सरस वाटते खरी, पण डॅकच्या त्या जोडणीतून बहुधा २ ऐवजी ४ व्होल्ट, म्हणजे ६ डेसिबल जास्त सिग्नल येतो आणि मोठा आवाज कानाला उगाच चांगला वाटतो.

गुणगुणीचे मूळ बहुधा ग्राउंड लूपमध्ये, म्हणजे उपकरणे एकाहून अधिक वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्याने तयार होणाऱ्या वेढ्यात असावे. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर लावा, डिशची केबल जोडलेली असल्यास ती क्षणभर काढून पाहा. अर्थिंगची पिन मात्र कदापि तोडू नका. (आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालणेही विसरू नये.) एवढे करूनही गुणगुण राहिली, तर एक्सएलआर जरूर घ्या, पण साध्या किमतीची.