पद्मिनी रस्त्यावर आणायची, तर आधी तिच्या पोटाखाली शिरा

वडिलांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी रत्नागिरीच्या घरी अकरा वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. इंजिन जाम आहे, खालून पत्रा गेलाय आणि गॅरेजवाला म्हणतोय, "लांबी (पुट्टी) भरून रंग मारू, नव्यासारखी दिसेल." सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. रंगाचं बोलणं आज थांबवा आणि इंजिनही तसंच राहू द्या. पहिलं काम पत्र्याचं.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालची लोखंडी चौकट नाही. तळाचा पत्रा, दरवाजांखालचे पोकळ रनिंग बोर्ड, चाकांवरच्या कमानी हाच तिचा सांगाडा. मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे बॉडीला धरलेले असतात ती जागा कुजली, तर मागच्या चाकांचा अ‍ॅक्सल चालत्या गाडीत सरकू शकतो. वरचा रंग कितीही चकाकला तरी तो धोका तसाच राहतो. ताडपत्रीने पाऊस अडवला खरा, पण अंगणाची ओल आणि खारी हवा आत कोंडून धरली. कोकणात गाडी वरून बरी दिसते आणि खालून जाते, ती यामुळेच.

गाडी चार भक्कम ठोकळ्यांवर घ्या, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. मॅट, सीट, तळाला फासलेलं जुनं डांबर सगळं काढा. मग टोचा आणि लहान हातोडी घेऊन इंच इंच तपासा. चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला बद्द आवाज करतो. रनिंग बोर्डची दोन्ही टोकं, जॅक लावायच्या जागा, पाट्यांच्या शॅकलभोवतीचा (पाटे बॉडीला जोडणाऱ्या कडीभोवतीचा) भाग, डिकीत स्टेपनीखालचा खळगा आणि दरवाजांच्या तळाची पाणी जायची भोकं नीट बघा. ही भोकं पाल्याने बुजतात आणि दरवाजा आतून सडतो. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून, रस्ट कन्व्हर्टर (गंज निष्क्रिय करणारं रसायन) आणि प्रायमर लावून थांबतो. टोचा आरपार गेला, तर मात्र चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं आणि नवा जोडायचा. तळाला १८ गेजचा जाड पत्रा, वरच्या भागाला २० गेजचा पातळ. भोकावर लांबी भरली की ती ओल धरते, गंज आतून फुगतो आणि दोन पावसाळ्यांत फोड वर येतात. खराब पत्र्यावर डांबर फासणं तर त्याहून वाईट, कारण गंज दिसतही नाही.

कापण्याआधी गाडीच्या पत्र्यावर ठोकलेला चासी नंबर शोधा. त्याचा फोटो घ्या, कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या आणि तो पत्रा कापायचा नाही हे डेंटरला (पत्र्याचं काम करणाऱ्याला) दाखवून सांगा. तो नंबर गेला, तर आरटीओत गाडी तुमची आहे हे पटवणं फार अवघड.

माझ्या पद्मिनीच्या वेळी डेंटरने दोन्ही रनिंग बोर्ड एकदम कापले. बॉडी मधोमध जेमतेम बोटभर बसली आणि चारही दरवाजे अडकू लागले. ते सगळं उकलून परत करायला दीड महिना गेला. म्हणून आधी दरवाजांच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून घ्या, एका वेळी एकच बाजू कापा आणि प्रत्येक टप्प्याला दरवाजा लावून फट बघा. शक्यतो सीओटू वेल्डिंगवालाच शोधा, गॅसच्या आचेने पातळ पत्रा लाटांसारखा होतो. बॅटरीची वायर आणि पेट्रोलची टाकी आधी उतरवा. रिकामी टाकीही सुरक्षित नसते, आतली वाफच भडकते.

नंतर ब्रेक. जुन्या ब्रेक ऑइलने पाणी ओढलेलं असतं, त्यामुळे चाकांजवळचे व्हील सिलेंडर आतून गंजतात. रबरी पाइपही जुने होऊन आतून फुगतात. पॅडलजवळचा मास्टर सिलेंडर एकेरी असेल, तर एक पाइप फुटला की पॅडल पूर्ण खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. इथे एक रुपयाही वाचवू नका. टायरला नक्षी शिल्लक असली तरी टायर बदला.

इंजिनची मला सर्वात कमी काळजी वाटते. हे १०८९ सीसीचं इंजिन साधं आहे, उघडणारे फिटर अजून आहेत. प्लग काढून सिलेंडरमध्ये इंजिन ऑइल आणि डिझेल सोडा, चार-पाच दिवस मुरू द्या, मग पुलीच्या नटला पाना लावून हाताने हलवा. स्टार्टर मारून सोडवू नका, पिस्टनची रिंग तुटते. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं. म्हणून पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा डायाफ्राम (आतला रबरी पडदा) नवेच घाला. सुटे भाग कुर्ल्यात शोधा. याच कुर्ल्यात ही गाडी तयार व्हायची. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये बंद झाली, त्यामुळे चांगला भाग दिसला की लगेच घेऊन ठेवा.

कागदांचं म्हणाल, तर २०२१च्या नियमात व्हिंटेज नोंदणीला गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते. तुमची २०३६पर्यंत त्यात बसत नाही, आणि त्या नोंदणीवर रोजची गाडी चालवताही येत नाही. तुम्हाला फिटनेस तपासणी करून नेहमीच्या नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरण हवं. त्याबरोबर पर्यावरण कर, विमा, पीयूसी. आरसी वडिलांच्याच नावावर असेल, तर नाव बदलण्याचं काम आजच सुरू करा, पत्र्याचं काम होईपर्यंत तेही होईल.

रंग मात्र महिनाभर गाडी चालवून, एकदा धो धो पावसात उभी करून, पाणी कुठून आत येतं ते बघितल्यावर.