दुकानाची यादी डेटाबेसमध्ये नेताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : किराणा दुकानातील वस्तूंची यादी एक्सेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) करून डेटाबेसमध्ये भरली. आता बऱ्याच बारकोडांच्या शेवटी शून्येच दिसतात आणि चहाचा एचएसएन कोड (जीएसटीसाठी वस्तूचा वर्गीकरण क्रमांक) 0902 ऐवजी 902 झाला आहे. मूळ आकडे परत मिळतील का?

मूळ एक्सेल फाइल हाताशी असेल, तर बारकोड नक्की मिळतील. केवळ सीएसव्ही उरली असेल, तर त्या फाइलमधून ते मिळणार नाहीत. एक्सेल 15 अंकांपर्यंतची संख्या अचूक साठवते, त्यामुळे 13 अंकी बारकोड मूळ फाइलमध्ये शाबूत असतो. मात्र चौकटीला (सेलला) वेगळे स्वरूप दिलेले नसेल, तर 8901234567890 ही संख्या पडद्यावर 8.90123ई+12 (म्हणजे 8.90123 गुणिले 10 चा 12 वा घात) अशी दिसते आणि सीएसव्हीमध्ये, प्रत्यक्षात साठवलेले नव्हे तर हे पडद्यावर दिसणारे रूप लिहिले जाते. ते डेटाबेसने पुन्हा संख्या म्हणून वाचले की 8901230000000 हाती येते.

एचएसएनचे तसे नाही. 0902 टंकलेला असतानाच एक्सेलने त्याला संख्या मानून सुरुवातीचे शून्य गाळलेले असते, त्यामुळे मूळ फाइलमध्येही 902 च सापडेल. सुदैवाने एचएसएन कोड 4, 6 किंवा 8 अंकी असतो. म्हणून विषम अंकसंख्येचा कोड आढळला की सुरुवातीचे एक शून्य गळाले आहे, असे बहुतेक वेळा खात्रीने म्हणता येते.

बारकोड आणि एचएसएन हे दिसायला आकडे असले तरी त्यांची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. ती नावे आहेत. म्हणून एक्सेलमधील त्यांचे स्तंभ टंकण्यापूर्वीच 'टेक्स्ट' करावेत आणि डेटाबेसमध्येही त्यांचा प्रकार मजकुराचाच ठेवावा. शिवाय आयातीच्या वेळी, म्हणजे फाइल डेटाबेसमध्ये भरताना, बारकोडाचा तपासणी अंक जुळतो का, ते पाहावे. डावीकडून पहिल्या 12 अंकांना आलटून-पालटून 1 आणि 3 ने गुणून बेरीज करायची आणि ती पुढच्या दहाच्या पटीपर्यंत नेण्यास जे लागेल, तो तेरावा अंक. वरील उदाहरणात बेरीज 130 येते, म्हणून शेवटचा अंक 0 बरोबर आहे. बिघडलेल्या रूपात ती 49 येते, म्हणजे शेवटी 1 हवा होता, आणि चूक तिथेच पकडली जाते.

प्रश्न : वस्तूंची नावे मराठीत आहेत. आयातीनंतर त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात.

फाइल जतन करताना साध्या 'सीएसव्ही'ऐवजी 'सीएसव्ही यूटीएफ-8' हा पर्याय निवडावा, कारण साध्या पर्यायात देवनागरी अक्षरे टिकत नाहीत. मायएसक्यूएल ही डेटाबेस प्रणाली वापरत असाल, तर आयातीच्या आज्ञेतही अक्षरसंच यूटीएफ8एमबी4 असा स्पष्ट लिहावा. 'सीएसव्ही यूटीएफ-8' फाइलच्या आरंभी तीन अदृश्य बाइट असतात. ते पहिल्या स्तंभाच्या नावाला चिकटले, तर तो स्तंभ 'सापडत नाही' अशी तक्रार येते. नावे जुन्या, युनिकोडपूर्व (सर्व लिप्यांसाठीची समाईक अक्षर-संकेतपद्धती येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये टंकलेली असतील, तर मात्र आधी त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे अनिवार्य आहे.

प्रश्न : बारकोड 'युनिक' (तक्त्यात एकदाच येऊ शकेल असा) ठेवला आहे, परंतु एकाच बारकोडाच्या वस्तूला जुन्या व नव्या मालाची वेगळी एमआरपी असते. नवी यादी भरली की जुनी किंमत पुसली जाते. काय करावे?

ही अडचण आपल्याकडील जवळपास प्रत्येक दुकानदाराला येते आणि तिचे मूळ आयातीत नसून तक्त्यांच्या रचनेत आहे. बारकोड वस्तू कोणती ते सांगतो. हातातील पुडक्यावर कोणती किंमत छापली आहे, हे तो सांगत नाही. म्हणून वस्तूंचा तक्ता वेगळा आणि एमआरपी, बॅच व शिल्लक यांचा तक्ता वेगळा असावा, आणि दुसऱ्या तक्त्यात बारकोड व एमआरपी यांची जोडी एकमेव ठरावी. किंमतीचा प्रकार 'डेसिमल' (दशांश संख्या अचूक साठवणारा) असावा; 'फ्लोट'मध्ये (अंदाजे मूल्य साठवणाऱ्या प्रकारात) पैशांचे हिशेब सूक्ष्म फरकाने चुकतात.

जीएसटीच्या दरालाही हेच लागू आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून केसांचे तेल, टूथपेस्ट, अंगाचा साबण अशा वस्तूंचा दर 18 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. ज्यांनी वस्तूच्या ओळीतच दर बदलला, त्यांच्याकडे आधीच्या तारखेच्या बिलावरील परतावा करताना जुना दर शोधायला जागाच उरली नाही. दर 'कोणत्या तारखेपासून' या स्तंभासह वेगळा ठेवावा.

आणखी एक सावधगिरी : मायएसक्यूएलमधील 'रिप्लेस' ही आज्ञा जुनी ओळ बदलत नाही, ती पुसून नवी घालते, त्या ओळीला जोडलेल्या नोंदी त्यामुळे तुटू शकतात. त्याऐवजी जुनी ओळ जागच्या जागी बदलणारे 'ऑन डुप्लिकेट की अपडेट' वापरावे. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीत त्यासाठी 'ऑन कॉन्फ्लिक्ट' आहे.

प्रश्न : एक ओळ चुकली की सगळी आयात थांबते.

फाइल थेट मुख्य तक्त्यात भरू नये. सर्व स्तंभ मजकुराचे असलेला एक कच्चा तक्ता करावा, त्यात फाइल जशीच्या तशी उतरवावी आणि प्रत्येक ओळीसोबत फाइलचे नाव व ओळ क्रमांक ठेवावा. '1,20,000' मधील स्वल्पविराम काढणे, 'ग्रॅम', 'ग्रा.' आणि 'जीएम' यांना एकच एकक मानणे ही कामे त्यानंतर डेटाबेसमध्ये करावीत आणि जुळलेल्या ओळीच पुढे न्याव्यात. न जुळलेल्या ओळींपुढे कारण लिहून ती यादी पुरवठादाराकडे पाठवावी. लहान मुलांच्या कपड्यांचे '2-4' हे माप एक्सेलने '02-एप्रिल' केले असेल, तर अंदाजाने दुरुस्त करू नये. कपड्यावरील चिठ्ठी पाहूनच ते भरावे.