दहा हजारांचा भाव अडीच हजारांना लावू नका

मालवणजवळच्या एका ताईंचं पत्र आलंय. त्या, सासूबाई आणि जाऊबाई मिळून अमृत कोकम करतात. गेल्या हंगामात २,५०० बाटल्या भरल्या, २,२०० खपल्या. दुकानदार बाटलीला ११० देतो, खर्च ७६ पडतो. आता चार लाखांचं बाटल्या भरायचं यंत्र घ्यायचंय. विक्रेत्याने लिहून दिलंय की खर्च ७२ वर येईल, शिवाय ३५ टक्के अनुदान. बँकेतला माणूस कर्जासोबत वर्षाला ४०,००० हप्त्याची पॉलिसी घ्या म्हणतो. विचारलंय एवढंच: सासूबाईंच्या पाटल्यांवर सोनेतारण घेऊ की बँकेचं कर्ज?

ताई, आधी ते ७२ कुठून आले ते बघू. चार लाखांचं कर्ज, ११ टक्के, पाच वर्षं: हप्ता महिना साधारण ८,७००. वर्षाचे लाखावर झाले. वीज, दुरुस्ती, यंत्रावरचा माणूस धरून १,४०,०००. हा खर्च एकही बाटली भरली नाही तरी होणारच. रातांबे (कोकमाची फळं), साखर, बाटली, बूच, लेबल यांचे बाटलीमागे ५८. म्हणजे

एकूण खर्च = १,४०,००० + ५८ × बाटल्या

याला बाटल्यांनी भागलं की सरासरी. १०,००० बाटल्यांना १४ अधिक ५८, म्हणजे ७२. विक्रेत्याचं गणित बरोबर आहे, फक्त ते तुमचं नाही. तुमच्या २,५०० ला ५६ अधिक ५८, म्हणजे ११४. विकता ११० ला. रातांबे एप्रिल-मेचे, पाऊस लागला की संपले. यंत्र दोन महिने चालेल, हप्ता बारा महिने जाईल.

पण मला जास्त लागलं ते त्या ७६ मधलं. पत्रात तुम्हीच लिहिलंय की तिघी साठ दिवस पहाटेपासून रातांबे फोडता, बिया काढता, सालांत साखर भरून बरण्या खळ्यात उन्हाला लावता, आणि बोटांचा लाल रंग गणपतीपर्यंत जात नाही. त्या ७६ मध्ये तिघींची मजुरी एक रुपयाही नाही! २,२०० बाटल्यांचे २,४२,००० आले, खर्च १,९०,०००. उरले ५२,०००. तिघींचे मिळून १८० दिवस, म्हणजे दिवसाला जेमतेम २९० रुपये. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ होता. उरलेल्या ३०० बाटल्या गेल्या तर थोडं बरं दिसेल, पण तुम्ही ज्याला नफा म्हणता ती तुमची अपुरी मजुरी आहे. रोज ४०० धरा: ७२,०००, बाटलीमागे २९. खरा खर्च १०५.

म्हणून यंदा यंत्र नको. पाटल्या घरातच राहू द्या. पॉलिसीला सरळ नाही म्हणा. कर्जासाठी अशी पॉलिसी घ्यायची सक्ती बँकेला करता येत नाही, आणि वर्षाला उरणाऱ्या ५२,००० मधून ४०,००० कुणाच्या कमिशनपायी घालवायचे? अनुदानही हातात पडेपर्यंत हिशेबात धरू नका. प्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं, सोनेतारणाला नाही, आणि पहिल्या दिवशी रोख मिळत नाही. जिल्हा कृषी कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नका.

तारकर्लीच्या होमस्टेवाल्यांना ६०० बाटल्या थेट १४० ने द्या. बाटलीमागे ३० जास्त, म्हणजे १८,००० सुटले, तेही व्याजाशिवाय. ५,००० बाटल्यांची मागणी आगाऊ पैशांसह हातात आली, तर २८ अधिक ५८, आणि तिघींची मजुरी तेवढीच ७२,००० राहिली तर तिचे १४, म्हणजे १०० होतात. तेव्हा यंत्राचा कागद पुन्हा पाठवा, मी बसून बघेन. तोवर वहीत आजपासून एक रकाना वाढवा: कोण, किती तास. सासूबाईंचे तासही लिहा.