वाचकांचे प्रश्न : विजेची गाडी, बॅटरी आणि रोजचा रस्ता

या अंकासाठी विजेच्या गाड्यांविषयीची पाच पत्रे निवडली आहेत. बॅटरीची क्षमता सांगताना कंपन्या ‘किलोवॉट-तास’ असे लिहितात. आपल्या लाइट बिलावर ज्याला युनिट म्हणतात ते हेच. पेट्रोलच्या गाडीचे ॲव्हरेज आपण लिटरमागे मोजतो, तसे विजेच्या गाडीचे युनिटमागे मोजावे, म्हणजे पुढचे सारे हिशेब तोंडी करता येतात.

प्रश्न : शहापूरमध्ये माझे साड्यांचे दुकान आहे. रोज गावातल्या गावात २५ ते ३० किलोमीटर फिरणे होते आणि महिन्यातून दोनदा मालासाठी कोल्हापूरला जाऊन त्याच दिवशी परतावे लागते. एकाच गाडीत ३० आणि ४५ युनिटची अशा दोन बॅटऱ्या मिळतात, मात्र किमतीत लाखाहून अधिक अंतर आहे. मोठी घ्यावी का?
— एक व्यापारी, शहापूर, बेळगाव

उत्तर : जाहिरातीत दिलेले किलोमीटर आधी बाजूला ठेवावेत. ते आकडे प्रयोगशाळेत, ठरावीक वेगाच्या चक्रावर गाडी चालवून काढलेले असतात. महामार्गावरचा सलग वेग, भर उन्हातले एसी आणि डिकीतले कापडाचे गठ्ठे यांचा त्यांत विचार नसतो. आपल्या आकाराची गाडी शहरात एका युनिटमध्ये साधारण ७ ते ८ किलोमीटर जाते, महामार्गावर ८० ते ९० च्या वेगाने सुमारे ६, आणि वेग १०० च्या वर नेला की ५ च्या आसपास येते. पेट्रोलच्या गाडीचे ॲव्हरेज शहरात कमी आणि हायवेला जास्त असते, त्यामुळे हे उलटे वाटते. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती विजेची गाडी काही अंशी परत बॅटरीत भरते आणि सिग्नलला उभी असताना तिची मोटर काहीच खात नाही, म्हणून तिला शहर मानवते. महामार्गावर मात्र तिचे भांडण हवेशी असते. वेग ८० वरून १०० वर गेला म्हणजे तो सव्वापट झाला, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे तो दीडपटीहूनही अधिक होतो.

आता आपला हिशेब. बेळगाव ते कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर, म्हणजे ८५ च्या वेगाने जाताना १८ ते १९ युनिट. बेळगाव कोल्हापूरपेक्षा साधारण २०० मीटर उंचावर आहे, त्यामुळे परतीला एखादे युनिट अधिक धरावे. जाऊन-येऊन ३८ युनिट झाले. ४५ ची बॅटरी वाटेत न थांबता हा प्रवास पुरा करील आणि घरी पोहोचताना तिच्यात ७ युनिट उरतील. पण पावसाळ्यात समोरून वारा असेल किंवा वेग वाढला तर तेवढेही उरणार नाहीत. ३० च्या बॅटरीत कोल्हापूरला पोहोचल्यावर सुमारे ११ युनिट शिल्लक असतील आणि परतीसाठी हाताशी थोडे राखून २४ ते २५ लागतील, म्हणजे तेथे १४ युनिट भरावे लागतील. २५ ते ३० किलोवॉटने वीज घेऊ शकणारी गाडी फास्ट चार्जरवर तेवढे अर्ध्या तासात भरते. जेवणाची वेळ आणि चार्जिंगची वेळ एक केली तर आपला वेगळा वेळ जात नाही.

महिन्याला दोन फेऱ्या, म्हणजे वर्षाला २४ थांबे, एकूण बारा-तेरा तास. तेवढ्यासाठी लाखाहून अधिक रक्कम गुंतवू नये आणि लहान बॅटरी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आठ वर्षांनी बॅटरीची क्षमता वीस टक्क्यांनी घटून २४ युनिट उरली असे धरले, तरी कोल्हापूर एका दमात गाठता येते. ही कसोटी मी नेहमी लावून पाहतो. कोल्हापूरच्या फेऱ्या आठवड्याला होऊ लागल्या किंवा घरात रात्री-अपरात्री लांब न्यावे लागेल असे आजारी माणूस असेल, तर मात्र मोठ्या बॅटरीचे पैसे सार्थकी लागतील.

पत्रात आपण असेही विचारले आहे की मोठ्या बॅटरीला रोज जास्त वेळ चार्जिंग लागेल का. लागणार नाही. जेवढे युनिट वापरले तेवढेच भरायचे असतात. आपल्या रोजच्या ३० किलोमीटरला ४ युनिट खर्च होतील, चार्जिंगमधील घट धरून मीटरवर साडेचार दिसतील आणि घरच्या पॉवर प्लगवर त्याला दीड तास पुरेल.

प्रश्न : बॅटरी रोज पूर्ण भरावी की ८० टक्क्यांवर थांबावे? शोरूममध्ये एक सांगतात, शेजारी दुसरेच सांगतात.
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : दोघेही आपापल्या गाडीपुरते बरोबर असू शकतील. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी प्रकारची बॅटरी असेल तर ती अधूनमधून पूर्ण १०० टक्के भरणे आवश्यक असते, कारण तसे न केल्यास तिच्यात किती वीज उरली आहे याचा गाडीचा अंदाज चुकू लागतो. निकेल-मँगनीज-कोबाल्ट, म्हणजे एनएमसी प्रकारची असेल तर रोज ८० पर्यंत भरावी आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्रीच १०० करावी. प्रकार कोणता हे गाडीच्या पुस्तिकेत पाहता येते. फास्ट चार्जरवर मात्र कोणतीही बॅटरी असली तरी ८० ला निघावे, कारण पुढचे वीस टक्के फार सावकाश भरतात आणि मागे कोणीतरी ताटकळत असते.

प्रश्न : आम्ही चौघे चोर्ला घाटाने पणजीला गेलो. जाताना १५ युनिट लागले, येताना २१. घाट उतरताना बॅटरी भरते असे ऐकले होते. मग जाऊन-येऊन हिशेब सारखा का झाला नाही? गाडीत दोष असेल का?
— एक कुटुंब, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : गाडी निर्दोष आहे. आपण दोन्ही वेळचे आकडे टिपून ठेवले हे फार चांगले झाले, कारण त्यांतूनच उत्तर निघते.

चार माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १,८०० किलो समजू. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. एवढे वजन एवढ्या उंचीवर नेण्यासाठी लागणारी शुद्ध शक्ती काढली तर ती ३.७ युनिटच्या आसपास येते. चढताना मोटर आणि तिची यंत्रणा थोडी शक्ती उष्णतेत घालवते, म्हणून बॅटरीतून प्रत्यक्षात सव्वाचार युनिट जातात. उतरताना तीच घट उलट्या दिशेने होते, शिवाय वळणावर पायाने दाबलेला ब्रेक काही हिस्सा चाकांतच जाळून टाकतो, त्यामुळे ३.७ पैकी सव्वादोन-अडीच युनिटच परत मिळतात. बेळगाव ते पणजी हे सुमारे ११० किलोमीटरचे अंतर सपाट असते तर साधारण १७ युनिट लागले असते. त्यातून सव्वादोन वजा केले की जातानाचे १५ आणि त्यात सव्वाचार मिळवले की येतानाचे २१. आपले आकडे या गणिताशी जवळजवळ तंतोतंत जुळतात.

यातून परतीची तयारी कशी करावी हेही कळते. गोव्याहून निघताना जातानाच्या खर्चाकडे पाहून अंदाज बांधला तर घाटात घालमेल होईल. चारचौघांसह २१ युनिट आणि वर चार-पाच राखीव, एवढी वीज गाडीत असावी. भरायची असेल तर ती पणजी, म्हापसा किंवा साखळीच्या बाजूलाच भरून घ्यावी. केरी सोडल्यावर चढ सुरू होतो आणि चढाच्या पहिल्या काही किलोमीटरांत टक्के इतक्या झपाट्याने उतरतात की नवा चालक घाबरतो. पठारावर आल्यावर हा वेग आपोआप थांबतो, म्हणून तेवढा वेळ धीर धरावा.

आणखी एक बाब. बॅटरी पूर्ण भरलेली असताना उतारावरची वीज तिच्यात मावत नाही आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी स्वतःहून मंदावण्याचा जो सराव झालेला असतो तो उपयोगी पडत नाही. बेळगावहून निघणाऱ्याला जांबोटीपर्यंतच बॅटरीत पुरेशी जागा झालेली असते, त्यामुळे चोर्ल्याला ही अडचण येत नाही. घाटमाथ्यावरच मुक्काम करून तेथेच १०० टक्के भरणाऱ्यांनी मात्र खालच्या गिअरचा आधार नाही हे ओळखून ब्रेक जपून वापरावेत.

प्रश्न : मी रोज खानापूरहून बेळगावला नोकरीसाठी इलेक्ट्रिक स्कूटरने जाणार आहे. घराला कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेचा लाभ मिळतो. स्कूटरच्या चार्जिंगमुळे तो बंद होईल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : जाऊन-येऊन ५२ किलोमीटर होतात. स्कूटर एका युनिटमध्ये साधारण ३० किलोमीटर जाते. घट धरून मीटरवर रोज २ युनिट, महिन्याला २६ दिवसांचे सुमारे ५० युनिट पडतील. गृहज्योतीत पूर्वीच्या सरासरी वापरावर आधारित एक मर्यादा प्रत्येक घराला दिलेली असते. ती ओलांडली पण एकूण वापर २०० युनिटच्या आत राहिला, तर वाढीव युनिटांचेच पैसे भरावे लागतात. २०० ओलांडले की त्या महिन्याचे पूर्ण बिल भरावे लागते. म्हणून आपला आजचा वापर १५० च्या आत आहे ना, एवढे मागच्या बिलांवरून पाहावे. ५० युनिटचे पैसे द्यावे लागले तरी ते काही शेकड्यांत असतील. तेवढ्याच अंतराला ४५ चे ॲव्हरेज देणारी पेट्रोलची स्कूटर महिन्याला ३० लिटर पिते आणि पेट्रोल लिटरमागे शंभराच्या पुढे आहे. खानापूरच्या पावसात ॲव्हरेज थोडे उतरेल हे धरून चालावे, आणि घरी आल्याबरोबर चार्जिंगला न लावता गाडी अर्धा तास निवू द्यावी.

प्रश्न : निपाणीत आमचे जुने घर आहे. नव्या गाडीचा चार्जर घरी लावला की लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरू होत नाही. शोरूमवाले घराच्या अर्थिंगचा दोष सांगतात. वायरमन म्हणतो की सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडले की दिवा हिरवा होईल. तसे करावे का?
— एक शिक्षिका, निपाणी

उत्तर : बाई, कृपया तसे मुळीच करू नका. हे पत्र वाचून मी अस्वस्थ झालो, कारण ही युक्ती अनेक घरांत केली जाते आणि दिवा खरोखरच हिरवा होतो. चार्जर फक्त एवढेच तपासत असतो की अर्थच्या तारेला जमिनीचा आधार आहे की नाही. न्यूट्रल जोडल्यावर तो फसतो. पुढे कधी वाऱ्यापावसात खांबावरची न्यूट्रलची तार तुटली, तर घरातील सगळा प्रवाह परतीची वाट शोधत या जोडणीतून अर्थच्या तारेत शिरेल. त्या क्षणी गाडीची बॉडी, फ्रिजचे दार, धुण्याचे यंत्र, अर्थला जोडलेली प्रत्येक धातूची वस्तू जिवंत होईल. ओल्या अंगणात अनवाणी उभे राहून गाडीचे दार उघडणाऱ्याला ती वस्तू दुसरी संधी देत नाही.

दोष शोधण्याची पद्धत सोपी आहे. जाणत्या माणसाकडून मीटरने फेज आणि अर्थ यांमधील दाब मोजून घ्यावा. तो फेज-न्यूट्रलइतकाच, म्हणजे २३० व्होल्टच्या जवळ असावा. न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये काही व्होल्टपेक्षा जास्त दिसू लागले की अर्थिंग किंवा न्यूट्रल यांपैकी एक जोडणी सैल असावी अशी शंका घ्यावी. जुन्या घरांत अर्थची तार सॉकेटपासून बोर्डापर्यंत येते आणि तेथेच संपते, किंवा नळाच्या पाइपला गुंडाळलेली असते. कोळसा-मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा असला तरी एप्रिल-मे महिन्यांत जमीन सुकून भेगाळते आणि तो निकामी होतो. गाडीसाठी नवा खड्डा करून घ्यावा, त्याचा रोध ५ ओहमच्या आत आहे हे मोजून घ्यावे आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहावे.

तारांबाबतही सांगणे आवश्यक आहे. गिझर आणि चार्जर दोन्ही पॉवर प्लगवर चालतात म्हणून लोक त्यांना एकाच मापाने मोजतात. गिझर पंधरा मिनिटांत बंद होतो. चार्जर १४-१५ अँपिअर प्रवाह सलग सहा-सात तास ओढतो, आणि सैल जोडणीला तापून वितळायला तेवढा वेळ भरपूर होतो. माझ्या जुन्या घरी पहिल्या महिन्यात सॉकेटची एक पिन तपकिरी पडली होती. हात लावला म्हणून कळले. तेव्हापासून मी सर्वांना सांगतो की मीटरच्या बोर्डापासून गाडीपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र तार ओढावी, तिला स्वतःचा २० अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाह जमिनीकडे गळू लागताच वीज तोडणारा स्विच) बसवावा, सॉकेट औद्योगिक प्रकारचा घ्यावा आणि एक्स्टेन्शन बोर्ड कधीही वापरू नये.

शेवटी घराचा मंजूर लोड पाहावा. तो बिलावर किलोवॉटमध्ये छापलेला असतो. कन्नड वाचण्याची अडचण असेल तर कोणाकडून तरी वाचून घ्यावा. आकडा १ किंवा २ असेल तर ३.३ किलोवॉटचा चार्जर लावण्यापूर्वी हेस्कॉम या वीज कंपनीच्या कार्यालयात लोड वाढवण्याचा अर्ज द्यावा. ही कामे होईपर्यंत गाडी शोरूममध्ये किंवा सार्वजनिक चार्जरवर भरावी, आणि वायरमनने ती जोडणी याआधीच करून ठेवली असेल तर हा अंक मिळताच मुख्य स्विच बंद करून ती काढून घ्यावी.